आमच्या जुन्या व्हॅनच्या पेट्रोलचा हिशेब

२०२५ च्या आषाढांत आमच्या घरीं एक लहानसा वाद उपस्थित झाला. वादाचा विषय होता आमची जुनी मारुती व्हॅन. चिरंजीव पुण्यास नोकरीस आहेत. ते रविवारीं साताऱ्यास आले असतां टेबलावर पडलेली पेट्रोलची पावती त्यांच्या दृष्टीस पडली. दोनच दिवसांपूर्वीं आम्ही उभयतां डोळे दाखविण्याकरितां पुण्यास जाऊन आलों होतों. जाऊन येऊन २२४ किलोमीटर, व पेट्रोल जवळजवळ २२ लिटर. चिरंजीवांनीं मनांतल्या मनांत भागाकार केला आणि म्हणाले, "बाबा, लिटरला धड साडेदहा किलोमीटरहि नाहीं! माझी गाडी अठरा देते. तुम्ही पेट्रोल भरतां कीं तिला पाजतां?"

मीं उत्तर दिलें कीं गाडी अठ्ठावीस वर्षांची झाली, तिचें वयच झालें. त्यावर स्वयंपाकघरांतून आवाज आला, "अहो, वय झालें म्हणून काढून टाकावयाची, तर मग पुढची पाळी कोणाची तें आधीं ठरवा." हंशांत विषय तेवढ्यापुरता मिटला; पण मला रात्रभर चैन पडेना. गाडी जुनी झाली म्हणून पेट्रोल अधिक पिते, हें मीं उत्तर दिलें खरें. परंतु तें मीं तपासलें होतें काय? छत्तीस वर्षें शाळेंत मुलांना 'कारण दाखवा' असें सांगत आलेल्या मास्तरानें एक वाक्य पुराव्यावांचून बोलून टाकलें होतें.

व्हॅन ज्यास ठाऊक नाहीं असा वाचक विरळाच. तरी तरुण मंडळींकरितां दोन शब्द लिहितों. १९८३ च्या डिसेंबरांत मारुती ८०० बाजारांत आली व दुसऱ्याच वर्षीं, म्हणजे १९८४ सालीं, ही व्हॅन. जपानांतील सुझुकीच्या 'कॅरी' या गाडीच्या धर्तीवर ती बांधलेली. १९८८ सालीं तिचें नांव 'ओम्नी' झालें, पण घरोघर ती व्हॅनच राहिली. इंजिन ८०० च्याच जातीचें, तीन सिलिंडरांचें, ७९६ घनसेंटिमीटरांचें. मात्र तें पुढच्या आसनांखालीं दडविलेलें, आणि ओढ मागच्या चाकांस. दरवाजे सरकते, गिअर चार, नाक चपटें. रिकाम्या गाडीचें वजन आठशें किलोच्या आंतच. पण एवढ्याशा गाडींतून शाळेचीं मुलें, आजारी माणसें, लग्नाचे रुखवत, गणपतीची मूर्ति असें काय काय वाहिलें गेलें आहे, त्यास गणती नाहीं. आमची गाडी १९९७ ची. तिला कार्ब्युरेटर आहे. पुढें पेट्रोल मोजून सिलिंडरांत सोडणारी विद्युत्-यंत्रणा आली, त्या आधींची ही पिढी. २०१९ सालीं ओम्नीचें उत्पादन कायमचें थांबलें.

मीं कपाटांतून गाडीची जुनी वही काढली. गाडी घेतली त्या दिवसापासून २००९ पर्यंत पेट्रोलच्या प्रत्येक भरण्याची नोंद तींत माझ्या हातची आहे. पुढें सेवेच्या शेवटच्या वर्षांत कामाचा व्याप वाढला आणि वही बंद पडली. १९९८ सालच्या पानांवर पुण्याच्या रस्त्याचे आंकडे पाहिले: १५.६, १६, १५.८. म्हणजे ज्या रस्त्यावर पूर्वीं लिटरला पावणेसोळा किलोमीटर पडत, त्याच रस्त्यावर आतां सव्वादहा. एक तृतीयांशाहून अधिक लुप्त झालें होतें. तें गेलें कोठें, याचा शोध घेण्याचें मीं ठरविलें.

प्रथम मोजण्याविषयीं लिहितों, कारण या बाबतींत शहाण्या माणसांच्या घरींहि विलक्षण गोंधळ असतो. कोणी पांचशें रुपयांचें पेट्रोल घालतो, कांटा खालीं आला कीं अंतर पाहतो, आणि भागाकार करून मोकळा होतो. कांटा हा अंदाज सांगणारा आहे, माप सांगणारा नव्हे. खरी रीत एकच. टाकी पूर्ण भरावी, म्हणजे पंपाची तोटी आपोआप बंद होईतों. त्या वेळचा किलोमीटरचा आंकडा टिपून ठेवावा. मग गाडी नेहमीप्रमाणें चालवावी, व पुनः त्याच पंपावर, शक्य तर त्याच तोटीनें, टाकी तशीच पूर्ण भरावी. दुसऱ्या वेळीं जितके लिटर मावले तितकेच मधल्या अंतरांत जळले. एका भरण्याचा आंकडा धरूं नये. तोटी एकदां अंमळ लौकर थांबते, एकदां उशिरां. लागोपाठ तीन भरणीं घेतलीं म्हणजे चुका एकमेकींस खाऊन टाकतात.

पहांटे पेट्रोल भरलें तर अधिक मिळतें, असेंहि एक मत प्रचलित आहे. उष्णतेनें पेट्रोल प्रसरण पावतें हें खरें. दहा अंशांच्या फरकानें आकारमानांत सुमारें एक टक्का फरक पडतो. परंतु पंपावरील सांठा जमिनीखालीं असतो व त्याचें उष्णमान पहांटे आणि दुपारीं जवळजवळ तेंच असतें. सबब पहांटेची झोप मोडण्याचें कारण नाहीं.

दुसरी चूक सरासरीची. साताऱ्याहून पुण्यास जातांना १६ पडले व परततांना १२, तर सरासरी १४ असें दहापैकीं नऊ जण सांगतील. मीं एका लग्नांत विचारून पाहिलें, तेव्हां एका इंजिनिअर गृहस्थांनींहि तेंच सांगितलें. ९६ किलोमीटर अंतर धरा. जातांना ६ लिटर, येतांना ८. एकूण १९२ किलोमीटरांस १४ लिटर, म्हणजे लिटरला १३.७. फरक लहान दिसतो, पण अशा लहान फरकांच्या बेरजेंतूनच आपण स्वतःची समजूत घालीत असतों. आणि या रस्त्यावर तर जाणें व येणें सारखें नाहींच. सातारा समुद्रसपाटीपासून सुमारें ७४० मीटर उंच, पुणें ५६० मीटर. मध्यें खंबाटकीचा घाट. माणसांसह अकराशें किलोची गाडी १८० मीटर वर चढवावयाची म्हणजे, इंजिन पेट्रोलमधील शक्तीपैकीं पाव भागच चाकांपर्यंत पोंचवितें असें धरल्यास, पाव लिटर पेट्रोल केवळ उंचीपायीं जातें. म्हणून पुण्यास पोंचतांच फोन करून "आज सतरा पडले" असें सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवूं नये. परत येईपर्यंत थांबावें.

मोजण्याची रीत ठरली. आतां शोधाची रीत. आमच्या नैयायिकांनीं कारण ठरविण्याकरितां अन्वय आणि व्यतिरेक अशीं दोन साधनें सांगितलीं आहेत. एक गोष्ट असतांना परिणाम दिसतो व ती काढून घेतली असतां तो नाहींसा होतो, तर ती त्याचें कारण. हें तंतोतंत लागू पडावयाचें, तर एका वेळीं एकच गोष्ट बदलली पाहिजे. लोक गॅरेजमध्यें गाडी देतात, तेथें एकाच दिवशीं दहा कामें होतात, गाडी सुधारते, आणि दहांपैकीं कोणत्या कामानें सुधारली हें कोणासच कळत नाहीं. मग पुढच्या वर्षीं पुनः दहाहि कामांचे पैसे. मीं ठरविलें कीं एक बदल, मग पुण्याची एक फेरी, मग पुढचा बदल. डोळ्यांच्या उपचारांकरितां दर पंधरा दिवसांनीं पुण्यास जाणें भागच होतें. तेव्हां प्रयोगाकरितां वेगळें पेट्रोल जाळल्याचा दोष माझ्यावर येत नाहीं.

आरंभ चाकांतील हवेपासून केला. चारी चाकांत ठरलेल्या दाबापेक्षां सात-आठ पौंड हवा कमी भरली. लाज वाटली, कारण हें काम फुकटाचें आहे. टायर मऊ असला कीं प्रत्येक फेऱ्यांत तो दबतो व उठतो, आणि त्या दबण्या-उठण्यांत शक्ति उष्णतेच्या रूपानें वायां जाते. हवा बरोबर केली, फेरी झाली, आंकडा १०.६. एवढ्या लहानशा लाभानें चिरंजीवांचें समाधान होण्यासारखें नव्हतें, व माझेंहि झालें नाहीं.

खरा चोर सांपडला तो एका जुन्या विद्यार्थ्यामुळें. पोवई नाक्याकडे त्याचें लहानसें गॅरेज आहे. शाळेंत असतांना गणितांत त्याला काठावरचे गुणहि मुष्किलीनें मिळत. गाडी दारांत उभी करून मीं माझी वही उघडून त्याला आंकडे सांगूं लागलों, तों तो म्हणाला, "सर, वही राहूं द्या. आतांच चालवून आणलीत ना? मग मागच्या दोन्ही चाकांना हात लावून बघा." उजव्या चाकाचा ड्रम कोमट होता, डाव्याचा हात ठेववेना इतका तापलेला. जॅक लावून चाक उचललें, हातानें फिरविलें, तें अर्ध्या फेऱ्यांतच थांबलें. हातब्रेकची तार आंतून गंजून अडकली होती आणि ब्रेक सदा थोडासा लागलेलाच राहत होता. पावसाळ्यांत गाडी पंधरा-पंधरा दिवस हातब्रेक ओढून उभी ठेवण्याची माझी संवय, साताऱ्याचा पाऊस, तार गंजणारच. म्हणजे कित्येक महिने मी एका पायानें गाडी हांकीत होतों आणि दुसरा पाय, नकळत, ब्रेकवर होता. तार बदलली, ब्रेक साफ केले. पुढची फेरी: ११.८.

हा ब्रेकचा दोष ओळखण्याची एक सोपी खूण त्यानें मला सांगितली. सपाट रस्त्यावर ताशीं तीस किलोमीटरचा वेग असतां गाडी मोकळी सोडावी व ती कोठें थांबते तें पाहून ठेवावें. महिन्या दोन महिन्यांनीं त्याच जागीं तेंच करावें. गाडी अलीकडे थांबूं लागली तर समजावें कीं चाकांत कांहीं तरी अडत आहे. अर्थात् रस्ता रिकामा असावा. आमच्या भागांत असा रस्ता पहांटे साडेपांचला मिळतो. तेव्हां पहांटेची झोप अखेर या कारणानें मोडलीच.

त्यानंतर कार्ब्युरेटर. आसन उचलून इंजिन उघडें केलें व प्लग काढले, तों तिन्ही प्लगांवर काजळी. पेट्रोल नीट जळावयाचें, तर वजनानें एक भाग पेट्रोलास साधारण पावणेपंधरा भाग हवा लागते. हवा कमी पडली कीं अर्धवट जळालेल्या पेट्रोलाची काजळी धरते; चुलींत ओलीं लांकडें घालावीं तसा प्रकार. थंड इंजिन चालू करतांना चोक ओढून हवा मुद्दाम कमी करावी लागते. इंजिन तापलें कीं चोक आंत ढकलावयाचा. आमचा चोक बाहेरून पूर्ण आंत गेलेला दिसे, परंतु त्याची तार ताठर झाल्यामुळें आंतील झडप पूर्ण उघडत नव्हती. सुरळीत चालणाऱ्या गाडीला मी पुण्यापर्यंत अर्धा चोक देऊन नेत होतों. तार बदलली, कार्ब्युरेटर धुतला, हवेची गाळणी नवी घातली. येथें माझा एक नियम मोडला, कारण एका वेळीं तीन गोष्टी झाल्या. गॅरेजवाल्यास पुनः पुनः आसन उचलावयास लावणें बरें वाटेना. आंकडा १३.४ वर गेला. प्लग पुनः पाहिले, तेव्हां त्यांचा रंग भाजलेल्या विटेसारखा झाला होता. तो निरोगीपणाचा रंग.

हवेच्या गाळणीविषयीं एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. कार्ब्युरेटरच्या गाडींत गाळणी चोंदली कीं पेट्रोलचा खर्च वाढतो, कारण हवा कमी येते पण पेट्रोल येतच राहतें. नव्या गाड्यांत मात्र येणारी हवा पाहून पेट्रोल सोडणारी यंत्रणा असते. तेथें गाळणी चोंदली तर गाडीचा जोर कमी होतो, पेट्रोलच्या हिशेबांत विशेष फरक पडत नाहीं. जुन्या गाडीवरचे उपदेश नव्या गाडीला चिकटवूं नयेत, हें चिरंजीवांस सांगतांना मला थोडें बरें वाटलें.

आतां राहिलें तें यंत्राचें नव्हतें, माझें होतें. व्हॅनच्या टपावर गेलीं वीस वर्षें एक लोखंडी कॅरिअर आहे. त्यावर वर्षांतून फार तर दोनदां सामान चढतें. बाकीचे तीनशें साठ दिवस तो नुसता वारा अडवीत असतो. आणि आमची गाडी मुळांतच एक चालती भिंत. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो, हें पदार्थविज्ञानाचें सूत्र मुलांकडून घोकून घेणें निराळें आणि आपल्या खिशास तें जाणवणें निराळें. ताशीं ६० ऐवजीं ८० नें गेलें तर वेग सव्वापटीहून थोडा अधिक होतो, परंतु वाऱ्याचा विरोध पावणेदोनपटीहून अधिक. त्यांत पांचवा गिअर नाहीं. ऐंशींवर तें तीन सिलिंडरांचें इंजिन अक्षरशः ओरडतें. पूर्वीं हा रस्ता अरुंद होता व साठावर जाणेंच शक्य होत नसे. रस्ता रुंद झाला, मागून येणारे भोंगे वाजवूं लागले, आणि मीहि, वय विसरून, ऐंशीनें जाऊं लागलों. कॅरिअर उतरविला आणि वेग साठावर आणला. पुण्यास पोंचावयास अर्धा तास अधिक लागला. सौभाग्यवतींनीं तेवढ्यांत विष्णुसहस्रनामाचें एक पारायण अधिक केलें. आंकडा १४.९.

गांवांतल्या गांवांत मात्र आंकडा साडेअकराच्या पुढें जाईना. कारण उघड आहे. मंडई घरापासून सव्वा किलोमीटर. तेवढ्या अंतरांत इंजिन तापतच नाहीं. चोक बंद करण्याची वेळ येते तों भाजीवाली समोर. अशा फेऱ्यांचें पेट्रोल कोणत्याहि दुरुस्तीनें वाचत नाहीं. तें पायीं जाण्यानें वाचतें. मी पायीं जाऊं लागलों. याचें श्रेय वैद्य स्वतःकडे घेतात.

१४.९ आणि १९९८ सालचे १५.८ यांत सुमारें सहा टक्क्यांचें अंतर उरलें. तें इंजिनाच्या म्हातारपणाचें, असें मी म्हणणार होतों. परंतु येथें एक नवी गोष्ट लक्षांत घ्यावी लागली. १९९८ सालीं माझ्या टाकींत पेट्रोल होतें. २०२५ सालीं टाकींत पांचांत चार भाग पेट्रोल व एक भाग इथेनॉल, म्हणजे मद्यार्क, आहे. २००३ पासून महाराष्ट्रासह कांहीं राज्यांत शेंकडा ५ मिसळण्यास आरंभ झाला. २०२२ सालीं देशभरचें प्रमाण १० वर गेलें, आणि २०२५ सालीं २० वर. एक लिटर पेट्रोलांत सुमारें ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते. एक लिटर इथेनॉलांत सुमारें २१. पांचवा भाग बदलला म्हणजे लिटरमागें ऊर्जा २९.८ वर येते, अर्थात् जवळजवळ सात टक्के घट. नीति आयोगाच्या २०२१ च्या अहवालांतहि, पूर्वींच्या धर्तीच्या चारचाकींस वीस टक्के मिश्रणानें सहा ते सात टक्के घट येईल, असा अंदाज दिलेला आहे.

हा मेळ इतका चोख बसला कीं मलाच संशय आला. मग इंजिनाच्या झिजेचें काय? शिवाय १९९८ चा रस्ता निराळा होता. तेव्हां सहाचे सहा टक्के इथेनॉलच्या नांवावर मांडणें न्यायाचें होणार नाहीं. पण त्याचा वांटा मोठा आहे, एवढें निश्चित. नव्या गाड्या धुराड्यांतील प्राणवायु मोजून आपलें मिश्रण सुधारून घेतात. कार्ब्युरेटरच्या गाडीस हें ज्ञान नाहीं. इथेनॉलांत स्वतःचा प्राणवायु असल्यामुळें मिश्रण पातळ होतें व चढावर इंजिन अडखळतें. जुन्या रबरी नळ्यांसहि इथेनॉल मानवत नाहीं. माझ्या विद्यार्थ्यानें त्या सर्व बदलून घेतल्या. आणि इथेनॉल हवेंतील ओलावा शोषून घेतें, म्हणून पावसाळ्यांत अर्धी टाकी भरून गाडी महिनाभर उभी ठेवणें आतां शहाणपणाचें राहिलें नाहीं.

या विषयावर रागानें बोलणारे पुष्कळ भेटतात. माझी जीभ मात्र थोडी अडखळते. सातारा जिल्हा उंसाचा. माझ्या वर्गांतून गेलेल्या कित्येक मुलांच्या फिया उंसाच्या बिलावर भरल्या गेल्या आहेत, आणि कारखान्यास इथेनॉलमुळें चार पैसे रोख मिळतात ही वस्तुस्थिति आहे. उंसास पाणी किती लागतें, हीहि वस्तुस्थितीच. माझी तक्रार एवढीच कीं लिटरांत ऊर्जा कमी झाली असतां लिटराची किंमत त्या मानानें कमी झाली नाहीं. आणि जुन्या गाडीच्या मालकास पंपावर दुसरें साधें पेट्रोल त्याच भावांत मागावयाची सोय नाहीं.

मार्गशीर्षांत चिरंजीव पुनः आले, तेव्हां मीं सर्व वही त्यांच्यापुढें ठेविली. पैशाचा हिशेबहि मांडून ठेविला होता. आमची गाडी वर्षास सुमारें ४,००० किलोमीटर चालते. गांव आणि रस्ता मिळून सरासरी १३ धरली तर ३०८ लिटर लागतात. अठराच्या नव्या गाडीस २२२. फरक ८६ लिटरांचा, १०५ रुपयांच्या भावानें नऊ हजार रुपये. नवी लहान गाडी घ्यावयाची तर सहा लाख रुपये. ते बँकेंत सहा टक्क्यांनीं ठेविले तर वर्षाचें व्याजच छत्तीस हजार. आषाढांत गाडी लिटरला दहा देत होती, तेव्हांहि नव्या गाडीनें वाचविले असते ते साडेअठरा हजारच. म्हणजे पेट्रोल वांचविण्याकरितां नवी गाडी घेणें आमच्यापुरतें कोणत्याहि स्थितींत परवडणारें नव्हतें. जो वर्षास वीस हजार किलोमीटर हिंडतो त्याचा हिशेब याच्या उलट येईल. त्यानें माझी वही पाहूं नये.

आणखी एक गंमत त्यांस दाखविली. सहाशें किलोमीटरांस लिटरला १० च्या हिशेबानें ६० लिटर लागतात, १२ च्या हिशेबानें ५०. दहा लिटर वांचले. पण १५ वरून १७ वर नेलें तर ४० वरून ३५.३, पांच लिटरहि नाहींत. दोनच किलोमीटरांची वाढ, परंतु खालच्या पायरीवर तिचें मोल दुप्पट. म्हणून ज्याची गाडी अगदीं वाईट चालते त्यानेंच दुरुस्तीची घाई करावी. बऱ्या चालणाऱ्या गाडीच्या पाठीमागें लागून आणखी अर्धा किलोमीटर काढणें ही हौस आहे.

चिरंजीवांनीं सर्व पानें शांतपणें वाचलीं. मग म्हणाले, "बाबा, यांतला एकहि आंकडा मला खोडतां येत नाहीं. पेट्रोलाबद्दल मी हरलों. पण मला एवढें सांगा, पुढच्या आसनावर बसलेल्या माणसाच्या गुडघ्यांपुढें काय आहे?"

मी कांहीं बोललों नाहीं. पुढच्या आसनावर बसलेल्या माणसाच्या गुडघ्यांपुढें एक पत्रा आहे, आणि त्या पत्र्यापुढें रस्ता आहे. इंजिन आसनाखालीं, नाक चपटें. समोरून धडक बसली तर ती सोसून घेणारें मध्यें कांहींच नाहीं. हवेची उशी नाहीं. नवे अपघात-सुरक्षिततेचे नियम या बांध्याच्या गाडीस पाळणें शक्य नव्हतें, म्हणूनच तिचें उत्पादन थांबलें; हें मला ठाऊक होतें. सहा महिने मीं गाडीच्या प्रत्येक थेंबाचा हिशेब ठेविला, आणि हा प्रश्न वहींत कोठेंच नव्हता. नातू सहा वर्षांचा आहे. आजोबांच्या शेजारीं पुढें बसावयाचें म्हणून तो भांडतो, आणि मीं त्याला दिवाळींत खंबाटकीच्या घाटापर्यंत पुढें बसवून नेलें होतें.

त्या दिवसापासून व्हॅन हमरस्त्यावर नेली नाहीं. पुण्यास आम्ही एस.टी.नें जातों, उभयतांस ज्येष्ठ नागरिकांची सवलत आहे. नातवंडें पुढें बसत नाहींत. व्हॅन माहुलीच्या संगमावर जाते, शेजारच्यांना दवाखान्यांत नेते, आणि आठवड्यांतून एकदां, तार पुनः गंजूं नये म्हणून, पहांटे रिकाम्या रस्त्यावर तीसच्या वेगानें मोकळी सुटते. हातब्रेक ओढण्याऐवजीं आतां चाकाखालीं लांकडाचा ठोकळा लावितों.

१९९७ ची गाडी, म्हणून २०२७ सालीं तिची फेरनोंदणी पुनः करावी लागेल. वीस वर्षांवरील मोटारींचें हें शुल्क केंद्र सरकारनें २०२५ च्या ऑगस्टांत दहा हजार रुपये केलें आहे. इतक्या कमी वापरास तेवढे पैसे भरावयाचे कीं गाडी मोडींत द्यावयाची, हें अद्याप ठरलेलें नाहीं. सौभाग्यवतींनीं आपलें मत आषाढांतच दिलें आहे. वहींतील शेवटची नोंद गेल्या शनिवारची: १८६ किलोमीटर, १५.४ लिटर, १२.१.